तेल बघायला

फर्टाडोबाईंच्या पोर्चला उतार आहे.
चार बोटं, जास्त नाही,
खरं तेल बघायला चार बोटंही खूप झाली.
आमच्यात 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात.
पुण्याचं एक गिऱ्हाईक हसलं होतं. हसू दे.

म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
कॅम्पातल्या त्या बंगल्यात
आधी गाडी ढकलायची फणसाखालच्या फरशीवर.
ती फरशी मी पाणसळ लावून बघितली आहे,
बुडबुडा बरोबर मध्ये थांबतो,
इकडं ना तिकडं.

गाडी एमजी, दोन सीटची, उघड्या टपाची,
रंग ताकात हळद सांडल्यासारखा.
डॉक्टरांनी घेतली तेव्हा मी उद्यमबागेत
लेथवर बुश काढायला शिकत होतो.
डॉक्टर जाऊन तीन वर्षं झाली.
तेव्हापासून गाडी चालू होते, चालत नाही.
दहा मिनिटं इंजिन, मग बंद,
मग थांबायचं.

थांबणं हेच अर्धं काम.
वर उडालेलं तेल
आतल्या आत, कडाकडांनी, खाली येत असतं,
लग्नघरातली माणसं रात्री उशिरा
एकेक करून अंथरुणाला टेकतात तसं.
घाई केलीत तर पट्टी कमीच सांगणार.
तोवर गंगव्वा चहा आणून ठेवते, विचारते,
"एण्णी ऐतेनु?"
मी म्हणतो, "बघूलोय की."

पट्टी ओढायची. पुसायची,
जुन्या बनियनच्या तुकड्यानं, धागे न सुटणाऱ्या.
परत घालायची तळापर्यंत, परत ओढायची.
पहिलं उत्तर कधी धरायचं नाही.
पट्टीवर दोन खुणा.
तीन वर्षं तेल वरच्या खुणेच्या केसभर खाली,
रंग मधाचा.
गाडीखाली कुंद्याच्या डब्याचं झाकण ठेवलेलं,
त्यात महिन्याला चार थेंब.
विलायती इंजिन आहे, तेवढं गळायचंच,
गळायचं थांबलं की काळजी करावी.
वहीत लिहायचं: ठीक.

या खेपेला पट्टी निम्म्यावर.
पुसली, घातली, ओढली.
निम्म्यावरच.
आणि तेल काळं.

झाकणात बघितलं, तेच चार थेंब.
बसून राहिलेल्या गाडीचं तेल
असं काळं होत नाही.
वाकलो. मागच्या चाकाच्या आतल्या कडेला
तांबडी माती, वाळून पापुद्रे आलेली,
जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याकडं असते ती.
इथं बंगल्याच्या दारापर्यंत डांबर.
मग आठवलं, सकाळी चावी फिरवायला बसलो
तेव्हा गुडघे स्टेअरिंगला लागले होते.
सीट दोन घरं पुढं सरकलेली.
डॉक्टर सहा फुटांचे,
मीही काही बुटका नव्हे.

बाई पायरीवर उभ्या होत्या,
डॉक्टरांचा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या.
चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत.
माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत होत्या.
"कमी आहे, भरमाणी?"
"थोडं."

अर्धा लिटर ओतलं,
नरसाळ्यातनं, धार न तोडता.
झाकण फिरवता फिरवता म्हणालो,
"बाई, उतारावर बघायचं नाही.
आणि आल्या आल्या तर मुळीच नाही,
घाट चढून आलेलं तेल खाली यायला वेळ लावतं."

घाट कोण म्हणालं?
मीच.

फणसावर खार सरकली तेवढाच आवाज.
मग बाईंनी विचारलं,
हळू, खरं अगदी कामाचं विचारावं तसं,
"किती वेळ?"
"एक चहा."
"साखर घालून?"
"ढवळून," म्हणालो, "निवांत."

वहीत लिहिलं: ठीक, खरं
आणि पुढचं लिहिलं नाही.
बनियनचा तुकडा एरवी मी खिशात घालून नेतो.
आज घडी करून बॉनेटखाली ठेवला,
उजव्या बाजूला, पट्टीजवळ,
बुटक्या माणसाचा हात पोचेल असा.